शेणखत आणि रासायनिक खत एकाच सरीत चालतं का? (टोमॅटो, जुन्नर)

रानवाटा
१४ मे, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. गावाकडची (जुन्नर तालुका) दोन एकर जमीन यंदापासून मी आणि बायको बघतोय, आधी चुलते करायचे. जूनच्या शेवटी एक एकर टोमॅटो लावायचाय, ड्रिप आणि मल्चिंग करून. रान मध्यम काळं आहे, विहिरीला पाणी बऱ्यापैकी.

अडचण अशी की घरात दोन पक्ष झालेत. चुलते म्हणतात बेसलला (लावणीच्या वेळच्या पहिल्या हप्त्याला) दोन पोती डीएपी आणि एक पोतं दहा-सव्वीस-सव्वीस मिश्रखत पडल्याशिवाय झाड उभंच राहत नाही. आणि माझा एक मित्र नैसर्गिक शेतीवाला आहे, तो म्हणतो युरियाचा एक दाणा पडला की जमिनीतले जिवाणू गेले, मग वर शेणखत टाकलंस काय नि नाही टाकलंस काय. गोठ्यामागे तीन ट्रॉली शेणखत पडलंय, ते वापरायचंच आहे. प्रश्न एवढाच, दोन्ही एकत्र चालतं का, चालत असेल तर एकाच वेळी की मध्ये अंतर ठेवून, आणि शेणखत टाकल्यावर रासायनिक किती कमी करायचं? स्वतः करून बघितलेलं सांगा प्लीज, व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड भरपूर वाचून झालेत.

बांधावरचा
१४ मे, रात्री ९:४०

चालतं. आमच्या आज्यापासून चालतंय. शेणखत आधी, मिश्रखत मागून.

मृद्गंध
१४ मे, रात्री ११:०५

रानवाटा, चांगला प्रश्न विचारलात. मी मृदाशास्त्र शिकलोय आणि घरची शेतीही आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो.

शेणखत आणि रासायनिक खत ही एकाच कामाची दोन औषधं नाहीत. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र (नायट्रोजन) साधारण अर्धा टक्का असतं. म्हणजे टनाला ५ किलो. त्यातलंही पहिल्या हंगामात पिकाला मिळतं जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा, बाकीचं पुढच्या दोन-तीन वर्षांत हळूहळू सुटतं. युरियात नत्र ४६ टक्के, ते पाण्याबरोबर लगेच तयार. संकरित टोमॅटोला विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ३०० किलो नत्र, १५० स्फुरद (फॉस्फरस), १५० पालाश (पोटॅश) आहे, एकराला १२०:६०:६०. आता नुसत्या शेणखतातून १२० किलो नत्र पहिल्याच हंगामात मिळवायचं म्हटलं तर एकरी सत्तर टनांच्या वर लागेल. कोण आणणार आहे एवढं?

पण शेणखत जे करतं ते पोत्यातलं खत कधीच करणार नाही. ओल धरणं, माती भुसभुशीत ठेवणं, जिवाणूंना खायला कर्ब (कार्बन) देणं. आणि आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात स्फुरद टाकलं की ते कॅल्शियमबरोबर बांधलं जातं, पिकाच्या हाती थोडंच लागतं. तेच सुपर फॉस्फेट शेणखतात कालवून सरीत दिलं तर मातीशी थेट संबंध कमी येतो आणि कुजताना निघणारी आम्लं स्फुरद मोकळं ठेवायला मदत करतात. इथे दोन्ही एकत्र वापरणं हे नुसतं चालण्यासारखं नाही, वेगवेगळं देण्यापेक्षा चांगलं आहे.

आधी माती परीक्षण करून घ्या. तुम्हाला नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे. खत टाकायच्या आधी नमुना घ्या, बांधाजवळचा, झाडाखालचा आणि उकिरड्याजवळचा सोडून.

निसर्गमित्र_अमरावती
१५ मे, सकाळी ७:२०

मृद्गंध भाऊ, तुमचा मान ठेवून विरोध नोंदवतो. मी नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांच्या जिल्ह्यातला माणूस, बेलोरा आमच्यापासून दूर नाही. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली ती काही उगाच नाही. तुम्ही पिकाला किती किलो पाहिजे एवढाच हिशोब करून राहिले. जमिनीत आधीच जे पडून आहे ते उपलब्ध कोण करणार? जिवाणूच ना? मग त्यांच्या डोक्यावर मिठासारखं खत ओतायचं आणि वरून शेण-गोमूत्राचं जीवामृत सोडायचं, ह्याला काय अर्थ? एक तर हे करा, नाहीतर ते करा. आमच्याकडे कपाशी-तुरीत पोत्याचं खत बंद करून वर्षं झाली, खर्च निम्म्याच्या खाली आला. उत्पन्न थोडं कमी येते, मी खोटं बोलणार नाही, पण हातात पैसा जास्त राहते.

गणिती
१५ मे, सकाळी ९:०२

जीवामृताचा साधा हिशोब मांडतो, कुणाला दुखवायचा हेतू नाही. २०० लिटरला १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन. ह्या सगळ्यातलं नत्र मिळून पाव किलोसुद्धा भरत नाही. टोमॅटोला एकरी १२० किलो पाहिजे. तुरीचं ठीक आहे, ती हवेतलं नत्र स्वतः धरते. टोमॅटो कुठून आणणार?

निसर्गमित्र_अमरावती
१५ मे, सकाळी ९:३०

गणिती भाऊ, जीवामृत खत नाहीच. ते विरजण आहे. विरजणात दूध किती लिटर ते कोणी मोजते का?

गणिती
१५ मे, सकाळी ९:४१

विरजण लावायला दूध तर लागेल ना दादा. ज्या रानात सेंद्रिय कर्ब ०.४ टक्के आहे तिथे दूधच नाही.

बांधावरचा
१५ मे, सकाळी ९:५५

😀 दोघांना माझ्याकडून ताक.

पंचगंगा_काठ
१५ मे, दुपारी १:१५

आमच्यात ऊस. एकत्र खतं वापरायचं सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे खोडव्यातलं (तोडीनंतर परत फुटणाऱ्या उसातलं) पाचट, उसाचा वाळका पाला. पूर्वी तोड झाली की काडी लावायची आणि मोकळं व्हायचं, रात्री अख्खा शिवार धुरानं भरलेला असायचा. आता बरेच जण पेटवत न्हाईत. एकराला तीन-चार टन पाचट पडतं, ते सरीत दाबायचं, बुडखे मोकळे करून जमिनीलगत छाटायचे, आणि पाचटावर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर आणि १ किलो कुजवणारे जिवाणू टाकायचे. मग पाणी.

आता ज्यांना वाटतंय की युरियानं जिवाणू मरतात त्यांनी हे बघायला यावं. युरिया न टाकलेलं पाचट पावसाळा संपला तरी सरीत तसंच करकरीत वाजतंय आणि युरिया टाकलेलं हातात धरलं की चुरा होतोय, खाली पांढरी बुरशीची जाळी आणि गांडुळं. जिवाणूंनाच नत्र पाहिजे असतंय कुजवायला.

दुसरी गोष्ट, खोडव्याला वरून खत फेकायचंच नाही. पहार घ्यायची, बुडख्यापासून अर्धा फूट लांब, अर्धा-पाऊण फूट खोल भोक पाडायचं, मूठभर मिश्रखत सोडायचं आणि टाचेनं भोक बुजवायचं, की पुढचा बुडखा. दोन माणसं लागतात, एक पहारवाला आणि एक खतवाला. दोनदाच द्यायचं, तोडीनंतर पंधरा दिवसांत एकदा आणि साडेचार महिन्यांनी एकदा. वर पाचटाचं आच्छादन, खाली खत. पाणी पण कमी लागतं. आमच्या गल्लीत आता पोरं हे काम अंगावर घेत्यात, एकरावर दर ठरलाय.

मृद्गंध
१५ मे, दुपारी २:३०

पंचगंगाकाकांनी फार महत्त्वाचं सांगितलं. पाचटात कर्ब नत्राच्या शंभरपट किंवा त्याहून जास्त असतो, चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारण वीसपट. कर्ब पंचवीस-तीसपटीच्या वर असला की जिवाणू कुजवायला लागणारं नत्र मातीतून ओढून घेतात आणि तेवढे दिवस पीक पिवळं पडतं. कच्चं शेणखत, गव्हाचा भुसा, लाकडाचा भुस्सा टाकल्यावर झाडं पिवळी पडतात ती ह्यामुळे. अशा वेळी थोडा युरिया हाच उपाय.

मात्र एक धोका. शेणात आणि पिकाच्या अवशेषांत युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) भरपूर असतं, ते युरियाचं झपाट्याने अमोनियात रूपांतर करतं. युरिया पाचटावर किंवा ओल्या शेणखतावर फेकून तसाच उघडा ठेवला तर त्यातलं नत्र हवेत जातं, आणि सामू (पीएच) ८ च्या वरच्या जमिनीत तर आणखी जास्त. म्हणून लगेच पाणी द्यायचं नाहीतर मातीत गाडायचं. युरिया शेणखतात कालवून ढीग मारून ठेवायचा नाही. ढिगात काही घालायचंच असेल तर सुपर फॉस्फेट घाला, ते उलट अमोनिया धरून ठेवतं. आणि चुलीतली राख किंवा चुना युरियाबरोबर कधीच नको.

गच्चीवरची_मधुरा
१५ मे, दुपारी ४:१०

धागा शेतीचा आहे पण विचारू का? ठाण्यात गच्चीवर कुंड्या आहेत, माती कमी, घरचं कंपोस्ट आणि कोकोपीट जास्त. वांगी आणि मिरचीला फुलं येतात पण पानं फिकट. नर्सरीवाल्याने १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं रासायनिक खत दिलंय. घरातले म्हणतात मग सेंद्रिय बाग कसली? आणि दोन कुंड्यांच्या काठाला पांढरा थर आलाय, तो कशाचा?

मृद्गंध
१५ मे, सायंकाळी ६:००

मधुराताई, कोकोपीटमध्ये अन्न जवळजवळ नसतंच, ते पाणी धरायला. घरचं कंपोस्ट अर्धवट कुजलेलं असेल तर वर सांगितलं तसं नत्र अडकतं, म्हणून पानं फिकट. १९:१९:१९ लिटरला १ ते २ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, आणि ते ओल्या मातीत द्या, कोरड्या कुंडीत ओतलं की मुळं भाजतात. पांढरा थर क्षारांचा. कुंडीला निचरा नीट नसेल किंवा पाणी खारं असेल तर येतो. थर खरवडून काढा, मग कुंडीच्या तळातून भरपूर पाणी वाहून जाईल असं साधं पाणी एकदा सोडा, आणि दोन आठवडे कुठलंच खत नको.

निसर्गमित्र_अमरावती
१५ मे, सायंकाळी ६:४०

ताई, कुंडीसाठी तरी पोत्याच्या मागे लागू नका. कंपोस्ट पूर्ण कुजू द्या, सरकीची नाहीतर भुईमुगाची पेंड भिजवून पाणी द्या, पानं हिरवी होतात. आमच्या पुसदचे नाडेप काका, म्हणजे नारायण देवराव पांढरीपांडे, ह्यांनी विटांचं जाळीचं टाकं शोधलं, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. कमी शेणात भरपूर खत. गच्चीवर तेच लहान करून करता येते.

गच्चीवरची_मधुरा
१५ मे, सायंकाळी ७:०५

पेंडीचं पाणी शेजारच्यांना वासाने झेपेल असं वाटत नाही 😀 पण दोघांचे आभार. आधी क्षार धुते, मग एका ओळीला पेंड आणि एका ओळीला १९:१९:१९ देते.

आगर_रत्नागिरी
१६ मे, सकाळी ८:१५

तुम्ही सगळे घाटावरचे काळ्या मातीचे. आमची जांभी माती, सामू साडेपाच ते सहा, पाऊस एवढा की वरून फेकलेला युरिया दुसऱ्या दिवशी खाडीत. म्हणून भाताला आमच्याकडे चारसूत्री पद्धत आली, डॉ. नारायण सावंतांनी बसवलेली. पहिलं सूत्र भाताच्या पेंढ्याचा-तुसाचा फेरवापर, दुसरं गिरिपुष्पाचा पाला हेक्टरी ३ टन चिखलात गाडायचा, तिसरं दोरीवर नियंत्रित लावणी, २५ आणि १५ सेंटिमीटर आलटून पालटून, आणि चौथं म्हणजे चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) चौकोनात मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी बोटाने खोल दाबायची. गोळी ७ ते १० सेंटिमीटर खाली गेली की नत्र उडत नाही नि वाहूनही जात नाही.

म्हणजे बघा, पाला आणि ब्रिकेट (ती गोळी) एकाच खाचरात, एकाच आठवड्यात. सेंद्रिय की रासायनिक असा वादच नाही त्यात. माझ्या आईने आयुष्यभर भात लावला पण खत कमी लागून लोंबी भरलेली बघितली ती ह्या पद्धतीत. बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या नुसत्या खोचल्या तरी फुटतात, पावसाळ्याच्या तोंडाला छाटायच्या.

फोंडेकर
१६ मे, सकाळी ९:५०

आगरवाल्याशी सहमत. आमच्या कुळागरांत पण माती आंबट, म्हणून नारळ-सुपारीला रॉक फॉस्फेट चालतं, आम्लात ते हळूहळू विरघळतं. जुन्नरच्या चुनखडीच्या रानात तेच टाकलं तर वर्षानुवर्षं दगडासारखं पडून राहील. त्यामुळे रानवाटा, आमचं बघून नक्कल करू नका, मातीप्रमाणे सगळं बदलतं.

दूरदेशी
१६ मे, दुपारी ३:३०

मी इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायरमध्ये राहतो, हार्पेंडन जवळच आहे, तिथे रोथॅमस्टेड संशोधन केंद्र आहे. तिथलं ब्रॉडबाल्क नावाचं गव्हाचं शेत १८४३ पासून सलग प्रयोगात आहे. एका पट्ट्याला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत, शेजारच्यांना वेगवेगळी रासायनिक खतं, एकाला काहीच नाही. शंभराहून जास्त वर्षं शेणखताचा पट्टा आणि चांगलं रासायनिक खत दिलेला पट्टा यांचं उत्पन्न जवळपास सारखं येत होतं. पुढे नवे वाण आल्यावर सगळ्यात जास्त कुठे आलं, तर शेणखत अधिक वरून नत्र दिलेल्या पट्ट्यात. आणि शेणखताच्या पट्ट्यातला सेंद्रिय कर्ब नुसत्या रासायनिकच्या दुपटीहून जास्त आहे. गावी आईवडिलांशी ह्याच विषयावर फोनवर बोलणं होत असतं, म्हणून राहवलं नाही.

निसर्गमित्र_अमरावती
१६ मे, सायंकाळी ५:००

ते शेत सुरू करणारा लॉज हा सुपर फॉस्फेटचा कारखानदार होता ना? १८४२ ला पेटंट घेतलं आणि १८४३ ला प्रयोग. मग प्रयोग कोणाच्या बाजूने निघणार?

दूरदेशी
१६ मे, सायंकाळी ५:४५

कारखानदार होता हे खरंच. पण त्याच्याच शेतात शेणखताचा पट्टा रासायनिकच्या बरोबरीने उभा राहिला, आणि ते आकडे त्याने झाकून ठेवले नाहीत. उलट मातीच्या बाबतीत शेणखतच जिंकलं.

मृद्गंध
१६ मे, रात्री ८:१०

आणि आपल्याकडचंही आहे की. भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७० पासून देशभर दीर्घकालीन खत प्रयोग चालवलेत, त्यात आपलं अकोलाही आहे, ज्वारी-गहू, काळी माती. सगळीकडे साधारण एकच चित्र. नुसतं नत्र देत राहिलं तर उत्पन्न वर्षागणिक घसरतं. संतुलित एनपीके (नत्र-स्फुरद-पालाश) टिकतं. एनपीके अधिक शेणखत सगळ्यांच्या वर राहतं आणि कर्बही वाढवतं. निसर्गमित्र, अकोला तुमच्या शेजारीच आहे, शिवारफेरीला नक्की जा.

गणिती
१६ मे, रात्री ८:३०

श्रीलंकेचं पण आठवा. २०२१ च्या मे महिन्यात रासायनिक खतांची आयात बंद केली, नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. भात आणि चहा दोन्हीला फटका.

निसर्गमित्र_अमरावती
१६ मे, रात्री ८:५०

एका रात्रीत बंद करणं म्हणजे नैसर्गिक शेती नव्हे. जमिनीला तयार व्हायला तीन-चार वर्षं द्यावी लागतात. ते उदाहरण आमच्यावर लावू नका. पण अकोल्याला जातो, हे कबूल.

बांधावरचा
१७ मे, सकाळी ७:३०

सगळं खरं, पण शेणखत आहे कुठं? बैल गेले, ट्रॅक्टर आला. गावात पंचवीस दावणी होत्या, आता दुधवाल्यांच्याच म्हशी. ट्रॉलीचा भाव ऐकून माणूस परत फिरतो, आणि त्या ट्रॉलीत निम्मी माती. आम्ही उन्हाळ्यात मेंढरं बसवतो. धनगराला रात्रीचे पैसे आणि वर धान्य द्यायचं. पण मेंढरं बसलेल्या तुकड्यातली बाजरी लांबून ओळखू येते, काळीभोर. लेंडी आणि मूत दोन्ही जागेवर मुरतं, वाहतूक नाही. फक्त सकाळी मेंढरं उठली की लगेच कुळवाची पाळी घालायची, नाहीतर उन्हानं सगळं वाळून उडून जातं.

पंचगंगा_काठ
१७ मे, सकाळी ८:००

आमच्यात मेंढरांना नंबर लावावा लागतो. लग्नाच्या कार्यालयापेक्षा लवकर बुकिंग.

खान्देशी_ताई
१७ मे, दुपारी १२:२०

मला सेंद्रियच्या नावाने चाललेल्या विक्रीबद्दल बोलायचंय. दोन्ही खतं वापरायला माझी काहीच हरकत नाही, मीही केळीला तेच करते. पण मग तो माल शहरात सेंद्रिय म्हणून दीडपट भावाने विकायचा नाही. प्रमाणपत्राच्या नियमात हंगामी पिकाला दोन वर्षं आणि फळबागेला तीन वर्षं रूपांतराचा काळ आहे, त्या काळात एक पोतंसुद्धा चालत नाही. जे खरोखर कष्टाने ते पाळतात त्यांच्या तोंडचा घास आपण काढतो. आजारी माणसाच्या घरचे विश्वासाने घेतात हो. गिऱ्हाइकाला सरळ सांगावं की शेणखत भरपूर आणि रासायनिक मापात. लोक घेतात, माझ्याकडून घेतात.

निसर्गमित्र_अमरावती
१७ मे, दुपारी १२:४५

ताई, ह्या एका प्रतिसादासाठी तुम्हाला दंडवत.

शेंडाफुटवा
१७ मे, दुपारी ४:००

शेणखताबद्दल एक सांगायचं राहिलंय, हुमणी! आमच्या शेजारच्या रानात अर्धकच्चं शेणखत पडलं आणि भुईमूग पट्ट्यापट्ट्याने वाळला, उपटला तर मुळाशी पांढऱ्या लठ्ठ अळ्या. रानवाटा, तुमचा ढीग किती जुना आहे? हात कोपरापर्यंत आत घाला. गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर कच्चं आहे. गार, काळं, मातीच्या वासाचं पाहिजे. कच्चं असेल तर एकदा उलटून पाणी मारा आणि ट्रायकोडर्मा (कुजवणारी बुरशी) मिसळा, अजून महिना आहे तुमच्या हातात. कोंबडी खताला तर जास्तच जपा, ताजं टाकलं की रोपं जळतात.

आणि झिंक सल्फेट, फेरस सल्फेट नुसतं मातीत टाकून पैसे घालवू नका. दहापट शेणखतात कालवून आठवडाभर सावलीत मुरवायचं, ओल ठेवायची, मग सरीत. चुनखडीत लोह-जस्त लागू पडायचा हाच स्वस्त मार्ग. आमच्याकडे एका दुकानदाराने युरियाबरोबर नको असलेल्या बाटल्या गळ्यात मारल्या, त्या पैशात दोन वर्षांचं झिंक आलं असतं. फार चीड येते ह्या लिंकिंगची.

रानवाटा
४ जून, रात्री १०:२०

मंडळी, उशीर झाला पण सगळे प्रतिसाद चुलत्यांना मोठ्याने वाचून दाखवले. माती परीक्षणाचा कागद आला. सामू ८.१, सेंद्रिय कर्ब ०.४२, नत्र हेक्टरी १६५ किलो, स्फुरद १२, पालाश ४८०, मुक्त चुनखडी ९ टक्के. शेणखत वरून कोरडं होतं, आत गार आणि काळं आहे. तीन ट्रॉली म्हणजे आठेक टन असावं. आता पुढे?

मृद्गंध
४ जून, रात्री ११:३०

कागद अगदी अपेक्षेप्रमाणे आहे. नत्र कमी, स्फुरद कमीकडे झुकलेलं, चुनखडी भरपूर, पालाश मात्र खूप.

आता गंमत बघा. चुलत्यांची दोन पोती डीएपी आणि एक पोतं १०:२६:२६ आकड्यात मांडलं. डीएपी १०० किलो म्हणजे १८ किलो नत्र, ४६ स्फुरद. दुसऱ्या ५० किलोतून ५ नत्र, १३ स्फुरद, १३ पालाश. एकूण २३ नत्र, ५९ स्फुरद, १३ पालाश. एकराची स्फुरदाची शिफारस ६०! माणसाने कागद न बघता बरोबर तेवढंच सांगितलं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

आठ टन शेणखतातून नत्र एकूण ४० किलो, यंदा हाताशी येईल ते १० ते १२. पालाश मात्र साधारण ४० किलो, आणि शेणखतातलं पालाश बहुतेक सगळं पहिल्याच हंगामात मिळतं. जमिनीत आधीच भरपूर असल्याने शिफारशीच्या निम्म्यावर भागतं, म्हणजे पालाशचं वेगळं पोतं आणायचंच नाही. राहिलं नत्र, १२० मधून २३ आणि १२ गेले की ८५. म्हणजे ४५ किलोची चार पोती युरिया. तो बेसलला अजिबात नको. ड्रिपमधून थोडा थोडा, लावणीनंतर दुसऱ्या आठवड्यापासून फळं भरेपर्यंत.

लावणीच्या आठ-दहा दिवस आधी बेडच्या मधोमध चर काढा, शेणखतात डीएपी आणि मिश्रखत त्याच दिवशी कालवून चरात टाका आणि लगेच मातीने झाका. दाणे रोपाच्या मुळाला थेट चिकटायला नकोत. अर्धा ढीग ह्यासाठी, अर्धा बेड करताना सगळीकडे. डीएपीत गंधक नसतं, म्हणून एक पोतं डीएपीऐवजी तीन पोती सुपर घेतलं तर आणखी बरं. स्फुरद जवळपास तेवढंच, गंधक वर मिळतं. फक्त डीएपीतलं ९ किलो नत्र कमी होतं, तेवढा २० किलो युरिया ड्रिपमध्ये वाढवा. फळांच्या बुडाला काळा डाग आला तर कॅल्शियम नायट्रेट ड्रिपने द्या, पण त्या टाकीत सल्फेट किंवा फॉस्फेटवालं काही नको, साका बसून ड्रिपर तुंबतील.

निसर्गमित्र_अमरावती
५ जून, सकाळी ७:००

माझी एक विनंती. चार सऱ्या बाजूला ठेवा, त्यात फक्त शेणखत आणि दर पंधरा दिवसांनी जीवामृत. बाकीच्यात मृद्गंध सांगतात तसं. दोन्हीकडची क्रेट वेगळी मोजा आणि खर्चही वेगळा लिहा. जीवामृत आणि युरिया एका टाकीत मिसळू नका, दोन्हीत पाच-सात दिवस जाऊ द्या. माझं म्हणणं चुकलं तर इथेच मान्य करीन.

मृद्गंध
५ जून, सकाळी ८:१०

उत्तम कल्पना. त्या सऱ्या बांधाकडेला घेऊ नका, रानाच्या मध्ये घ्या, आणि त्यांची ड्रिपची लाइन वेगळ्या कॉकवर ठेवा, नाहीतर युरिया तिकडेही जाईल.

रानवाटा
५ जून, रात्री ९:३०

ठरलं. चार सऱ्या वेगळ्या, कॉकही वेगळा लावतोय. चुलते म्हणतात त्या चार सऱ्यांचं रोज ते स्वतः बघणार. एक शेवटची शंका, मल्चिंगखाली जीवामृत ड्रिपमधून सोडलं तर चोथ्याने ड्रिपर तुंबतील का?

निसर्गमित्र_अमरावती
५ जून, रात्री ९:५०

दुहेरी सुती कापडातून गाळा, मग रात्रभर स्थिर ठेवून वरचं निवळ तेवढंच घ्या, आणि सोडून झालं की अर्धा तास साधं पाणी चालवा. तरी भीती वाटत असेल तर मगाने प्रत्येक भोकात ओता, चारच सऱ्या आहेत.

बांधावरचा
५ जून, रात्री १०:०५

पहिला तोडा कधी, तेवढं कळवा. नारायणगाव मार्केटला मी येतो, क्रेट दोघं मिळून मोजू.